मोटरसायकलचं कूलंट: निवडायचं कसं, भरायचं कसं आणि ॲडिटिव्हच्या नादी कधी लागायचं

इंजिन तापतंय असं वाटलं की बहुतेक जण आधी एक बाटली घेऊन येतात. हिरव्याऐवजी निळं कूलंट, नाहीतर ‘तापमान उतरवतं’ असं लिहिलेलं एखादं ॲडिटिव्ह. ते होतं त्याच्यावरच ओतलं जातं, चार दिवस बरं वाटतं आणि मग तापमानाचं गेज पुन्हा वर. इथे सगळा क्रमच उलटा झालेला असतो. ॲडिटिव्हचा विचार सगळ्यात शेवटी करायचा, आणि बहुतेक गाड्यांना त्याची वेळच येत नाही. त्याआधी कूलंट आणि पाण्याचं प्रमाण, त्याआधी कूलंटचा प्रकार, आणि या सगळ्याच्या आधी बिघाड भलतीकडेच नाही ना याची खात्री.

एक गोष्ट पक्की धरून पुढे वाचा. चालू इंजिनाचं तापमान किती राहणार हे मुख्यतः थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) आणि फॅन ठरवतात. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला उघडू लागतो आणि बऱ्याच गाड्यांत फॅन १०० अंशांच्या पुढेमागे सुरू होतो. त्यामुळे रहदारीत गेज १०० ते १०५ दाखवत असेल, फॅन लागून आकडा परत खाली येत असेल, तर ती गाडी तापत नाहीये, तिचं रोजचं काम करतेय. कूलंटने उष्णता वाहून न्यायची, उकळायचं नाही, गोठायचं नाही आणि आतला ॲल्युमिनियम गंजू द्यायचा नाही. यातलं शेवटचं काम कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि चुकीच्या बाटलीने सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तिथेच.

टप्पा १: बाटलीआधी गाडी तपासा

इंजिन कशावर थंड होतं ते आधी बघा. पुढे रेडिएटरसारखं काही दिसलं म्हणजे कूलंट असेलच असं नाही. छोटा, पातळ रेडिएटर बऱ्याचदा ऑइल कूलर असतो आणि त्यात इंजिन ऑइलच फिरतं. खरी खूण म्हणजे दाब धरणारी रेडिएटर कॅप आणि वर-खाली दोन रेघा असलेली पांढुरकी प्लॅस्टिकची टाकी. या दोन्ही नसतील तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

कूलंटवर चालणारी गाडी असेल तर इंजिन पूर्ण गार असताना, गाडी सरळ उभी करून, या क्रमाने तपासा.

१. टाकीतली पातळी बघा. साइड स्टँडवर गाडी कलती असते आणि पातळी खोटी दिसते. कुणीतरी हँडल धरून गाडी सरळ धरायला हवी किंवा पॅडॉक स्टँड हवा. काही गाड्यांत पातळी इंजिन गरम असताना बघायला सांगितलेली असते, तेव्हा मॅन्युअल काय म्हणतं ते प्रमाण.

२. रेडिएटरची कॅप उघडून आतही बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूप जास्त वेळा सापडतो. इंजिन तापल्यावर फुगलेलं कूलंट टाकीत जातं आणि गार होताना परत ओढलं जातं. मधली बारीक नळी मुडपली असेल, चिरली असेल किंवा कॅपचा रबर कडक झाला असेल, तर गेलेलं कूलंट परतच येत नाही. टाकीकडे बघून तुम्ही निश्चिंत, आणि रेडिएटरच्या वरच्या भागात नुसती हवा.

३. रेडिएटरच्या फिन्समधून (पातळ पात्यांमधून) आरपार उजेड दिसतो का ते बघा. चिखल, किडे, वाकलेल्या फिन्स, आणि नंतर बसवलेले जादा दिवे किंवा जाळी, यांनी वारा अडतो. साफ करताना साध्या नळाचं पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे असं सोडा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर फिन्स आडव्या होतात आणि मग रेडिएटर कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही.

४. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून फॅन लागतो का ते बघा. नाही लागला तर आधी फ्यूज, मग कनेक्टर, मग सेन्सर. फॅन बंद असलेल्या गाडीत जगातलं सगळ्यात महागडं कूलंट ओतलं तरी सिग्नलला थांबल्यावर ती तापणारच.

५. वॉटर पंपाच्या खाली बोट फिरवा. तिथे एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. त्यातून कूलंट ठिबकत असेल तर पंपाचं पाण्याकडचं सील गेलं, ऑइल येत असेल तर ऑइलकडचं. हे भोक एम-सील लावून बुजवलेल्या गाड्याही दिसतात. असं केलं की गळती थांबत नाही, ती आत वळते आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळायची वाट मोकळी होते.

> इशारा: गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळेच उकळत नसतं. कॅप सैल झाली की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून तोंडावर उडतं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताने दाबून बघा, तो गार आणि मऊ लागला तरच कॅपला हात घाला.

गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच होज दगडासारखे कडक होत असतील, कॅप उघडी ठेवून सुरू केल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, किंवा ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत दुधाळ रंग दिसत असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या हेडमधलं सील) किंवा पंपाचं सील गेल्याचा संशय घ्यावा लागतो. (थंडीत फक्त जवळपासच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही काचेवर थोडा दुधी थर धरतो. लांब चालवल्यावर तो गेला तर काळजी नको.) गॅस्केट गेलं असेल तर इथेच थांबा. पुढचे टप्पे त्याची दुरुस्ती झाल्यावर.

टप्पा २: कॅपकडे नीट बघा

याला वेगळा टप्पा दिलाय, कारण कूलंटच्या बाटलीवरचा ‘बॉइलिंग पॉइंट’ वाचणारे कॅप कधी तपासतच नाहीत. आकडे पाहा. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. निम्मं एथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना. म्हणजे कूलंटमुळे मिळाले सातेक अंश. आता १.१ बारची कॅप लावा. नुसतं पाणीसुद्धा १२१-१२२ अंशांपर्यंत उकळत नाही आणि ५०:५० मिश्रण १३० च्या जवळ जातं. कुकरचं तत्त्व इथेही तेच. उकळण्यापासून खरं संरक्षण देते ती कॅप, आणि तिचा रबर फाटलेला असेल तर बाटलीवर काहीही छापलेलं असो.

कॅप उलटी करून बघा. रबराच्या कडेला खोल खाच पडलीय का, तो कडक झालाय का, मधली छोटी झडप नखाने ओढल्यावर उघडून परत बसते का. शंका आली की कॅप बदला. नव्या कॅपवरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा. जास्त दाबाची कॅप लावली तर जास्त चांगलं, हा समज होज आणि रेडिएटरचे जोड फोडतो.

टप्पा ३: प्रकार निवडा, रंग विसरा

रंगाला कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं आतून पूर्ण वेगळं असू शकतं. गुलाबीत गुलाबी मिसळलं म्हणून जमलं असंही नाही. रंगाचा उपयोग एवढाच, की गळती कुठे आहे ते दिसतं.

बाटलीत मुळात तीन गोष्टी असतात: ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधकं. फरक पडतो तो गंजरोधकांत.

जुन्या पद्धतीच्या अजैविक कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट असे क्षार असतात. सिलिकेट ॲल्युमिनियमवर झटपट संरक्षक थर धरतं, पण ते लवकर संपतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. सेंद्रिय आम्लांवर चालणाऱ्या कूलंटला ओएटी म्हणतात. ते धातूवर सगळीकडे जाड थर धरत नाही, जिथे गंज सुरू होऊ पाहतो तिथे काम करतं, म्हणून जास्त टिकतं. दोन्हींचा मेळ घातलेलं ते एचओएटी, म्हणजे हायब्रिड. त्यातही काहींत सिलिकेट असतं, काहींत फॉस्फेट.

मोटरसायकलसाठी यातला कळीचा शब्द सिलिकेट. मोटरसायकलचा वॉटर पंप छोटा, त्याचं सील नाजूक, रेडिएटरच्या नळ्या अरुंद. सिलिकेटमुळे पंपाचं सील लवकर झिजू शकतं आणि रेडिएटरचे मार्ग तुंबू शकतात, असं होंडासारख्या कंपन्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहितात. म्हणून मॅन्युअलमध्ये ‘सिलिकेटविरहित’ लिहिलेलं असेल तर त्यात तडजोड नको. फॉस्फेटचं गणित वेगळं आहे. शुद्ध पाण्याबरोबर ते व्यवस्थित वागतं, पण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून खरपुडी धरतं.

दुकानात उभं राहून करायचं ते असं:

१. मॅन्युअलमधून तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: कूलंटचा प्रकार, ग्लायकॉलचं प्रमाण, आणि एकूण किती लागतं. रेडिएटर-इंजिनाचा आकडा आणि टाकीचा आकडा बऱ्याचदा वेगवेगळा दिलेला असतो, दोन्ही घ्या.

२. बाटलीवर ॲल्युमिनियम इंजिन आणि रेडिएटरसाठी चालतं असं लिहिलंय का ते बघा.

३. सिलिकेटविरहित असल्याचा उल्लेख शोधा. पुढच्या बाजूला नसेल तर मागचं बारीक अक्षर वाचा.

४. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) आहे की तयार मिश्रण, हे पक्कं करा. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, आणि चूक इथेच होते. तयार मिश्रणात पुन्हा निम्मं पाणी घातलं की ग्लायकॉल राहतं २५ टक्के. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलं तर काय होतं ते पुढे येईलच.

माझा कल सांगायचा तर, एखाद-दुसरी मोटरसायकल असलेल्याने तयार मिश्रण घ्यावं. कॉन्सन्ट्रेट लागतं ते धुतल्यावर आत पाणी उरणार असेल तेव्हा, आणि ते गणित टप्पा ६ मध्ये आहे.

प्रोपिलीन ग्लायकॉलवर बनलेली कूलंटही मिळतात. ती एथिलीन ग्लायकॉलच्या तुलनेत बरीच कमी विषारी असतात, घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर हा विचार करण्यासारखा आहे. मॅन्युअलची हरकत नसेल तर वापरा, फक्त दोन्ही जाती एकत्र करू नका. मिसळल्याने लगेच काही बिघडत नाही, पण प्रमाण मोजायला गेलात की रिफ्रॅक्टोमीटर (ग्लायकॉलचं प्रमाण मोजायचं उपकरण) दोन्हींसाठी वेगळी पट्टी वापरतो आणि मिश्रणाचा आकडा कशावरच खरा येत नाही.

> तपासा: आता आत कोणतं कूलंट आहे हे खात्रीने माहीत आहे का? नसेल तर वरून भर घालू नका, पूर्ण बदला. दोन प्रकार मिसळले की दर वेळी आत जेलीच होते असं नाही, पण गंजरोधकं एकमेकांना मारतात आणि पाच वर्षं टिकणाऱ्याचं आयुष्य दोन वर्षांवर येतं.

टप्पा ४: पाणी आणि प्रमाण

कॉन्सन्ट्रेट घेतलंत तर पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) हवं. नळाच्या पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम गरम धातूवर थर धरतो आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. घरच्या आरओचं पाणी नळापेक्षा बरं, पण त्यात क्षार शिल्लक असतातच. बॅटरीत घालायचं पाणी घेणार असाल तर लेबल दोनदा वाचा. शेजारच्या फळीवर बॅटरीचं ॲसिडही तशाच डब्यात असतं.

प्रमाणाबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. पहिला, जितकं घट्ट तितकं चांगलं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. ५०:५० मिश्रण वजनाला वजन पाण्याच्या साधारण चार-पंचमांशच उष्णता उचलतं. ग्लायकॉल वाढवत जाल तसं ते आणखी कमी होतं. गोठण्याबाबतही तसंच. ५०:५० मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, पण निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या जवळच. म्हणून ६० टक्क्यांच्या वर जाण्यात काही हशील नाही.

दुसरा गैरसमज, उन्हाळ्यात नुसतं पाणी चालतं. उष्णता ते छान नेईल, पण त्यात गंजरोधक शून्य. थंड प्रदेशात रात्री ते गोठलं तर साधारण ९ टक्के फुगतं आणि सिलिंडरच्या भिंतीला तडा देऊ शकतं. वाटेत कूलंट सांडलं आणि दुसरं काही नाही, तर घरी पोचण्यापुरतं पाणी जरूर घाला. पोचल्यावर मात्र ते काढा.

वरून थोडं थोडं पाणी घालत राहण्याची सवय कशी नडते ते बघा. १.२ लिटरची यंत्रणा, त्यात ५० टक्के ग्लायकॉल. २०० मिलि गळलं, तेवढं पाणी घातलं: ग्लायकॉल ४२ टक्क्यांच्या खाली. परत तेच: ३५ टक्के. तिसऱ्यांदा: २९ टक्के. पातळी तिन्ही वेळा रेघेवर अचूक, आणि गंजरोधकही तेवढ्याच वेगाने पातळ. भर घालायची ती त्याच कूलंटच्या तयार मिश्रणाने. आणि सारखी भर घालावी लागत असेल तर गळती शोधा, बाटल्या मोजू नका.

टप्पा ५: ॲडिटिव्ह घालायचं का?

थोडक्यात उत्तर: रस्त्यावरच्या, धड असलेल्या गाडीत, चांगलं तयार कूलंट भरलं असेल तर नाही. त्या बाटलीत लागणारी रसायनं आधीच मोजून घातलेली असतात. तरी प्रकारागणिक बघू, कारण विकणारा तुम्हाला प्रकार सांगत नाही.

*वेटिंग एजंट.* ‘वॉटर वेटर’ प्रकारची द्रव्यं पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. सिलिंडर हेडच्या सगळ्यात गरम जागी वाफेचे सूक्ष्म बुडबुडे धातूला चिकटतात, ते लवकर सुटतात आणि पाणी धातूला नीट लागतं. कल्पना खरी आहे. पण त्याचा फायदा दिसतो तो मुख्यतः नुसतं पाणी भरलेल्या गाडीत. ५०:५० मिश्रणात तो किरकोळ होतो. शिवाय थर्मोस्टॅट अजून पूर्ण उघडलेलाच नसेल, तर गेजवर काहीच फरक दिसणार नाही.

ही द्रव्यं खरी कामाची आहेत ती रेस ट्रॅकवर. ग्लायकॉल सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि पटकन वाळत नाही, म्हणून अनेक ट्रॅकवर त्याला बंदी असते. तिथे डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक असलेलं ग्लायकॉलविरहित ॲडिटिव्ह हा बरोबर उपाय. ट्रॅकवरून आल्यावर गाडी तशीच महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, आणि थंडीच्या आधी नेहमीचं कूलंट परत भरा.

*गळती बुजवणारं द्रव्य.* मोटरसायकलमध्ये घालू नका. जे कण चीर बुजवतात तेच अरुंद नळ्या, थर्मोस्टॅटचं हवा सोडणारं बारीक भोक आणि कॅपची झडपही बुजवतात. आडरानात दुसरा इलाजच उरला नाही, तर घालून घरी या. पण मग रेडिएटर दुरुस्त करून सगळी यंत्रणा धुवायची, हे त्या खर्चातच धरा.

*सोल्युबल ऑइल, इंजिन ऑइल, भांड्याचा साबण.* पंप ‘वंगणात’ राहावा म्हणून जुने मिस्त्री तेलाचे थेंब टाकायला सांगतात. तेल रबराचे होज फुगवतं आणि धातूवर उष्णता अडवणारा पापुद्रा धरतं. साबण फेस करतो, आणि फेस म्हणजे हवा.

*पाणीविरहित कूलंट.* हे ॲडिटिव्ह नाही, वेगळा प्रकारच आहे. ते १८० अंशांच्याही पुढे उकळतं, त्यामुळे यंत्रणेत दाब फारसा तयार होत नाही. पण उष्णता उचलण्याची त्याची क्षमता पाण्याच्या मिश्रणापेक्षा कमी, ते दाट, आणि ते भरण्याआधी जुन्या पाण्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब काढावा लागतो. ‘उकळणार नाही’ याचा अर्थ ‘इंजिन गार राहील’ असा लोक घेतात. गेज उलट थोडं वरच दिसू शकतं. वाटेत गळालं तर पाणी घालून भागवताही येत नाही.

टप्पा ६: जुनं काढा, धुवा

हाताशी ठेवा: पसरट ट्रे, नरसाळं, ड्रेन बोल्टचं नवं वॉशर, मापाचं भांडं, भरपूर डिस्टिल्ड पाणी, फडकी आणि हातमोजे. इंजिन गार.

१. रेडिएटर कॅपला छोटा स्क्रू असेल तर तो काढा. कॅप अजून आवळलेलीच ठेवा.

२. वॉटर पंपाच्या कव्हरवर, सगळ्यात खालचा ड्रेन बोल्ट शोधा. कव्हर धरून ठेवणारे बोल्ट आणि ड्रेन बोल्ट सारखेच दिसतात. ड्रेनखाली बहुधा तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर असतं. ट्रे लावून बोल्ट काढा. आधी बारीक धार येईल. मग कॅप उघडली की धार जोरात सुटते, त्यासाठी ट्रे थोडा दूर सरकवा.

३. टाकी वेगळी रिकामी करा. ही पायरी हमखास विसरली जाते आणि जुनं कूलंट पहिल्याच दिवशी नव्यात ओढलं जातं.

४. निघालेलं कूलंट पांढऱ्या भांड्यात बघा. स्वच्छ असेल आणि तोच प्रकार परत भरणार असाल, तर धुण्याचा उपद्व्याप नको. थेट टप्पा ७. तांबूस, गढूळ, गाळ असलेलं, किंवा प्रकार बदलायचा असेल तर धुवा.

५. धुण्यासाठी बोल्ट लावून डिस्टिल्ड पाणी भरा, गाडी सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवा. वरचा होज एकदम गरम लागला म्हणजे उघडला. त्याआधी बंद केलं तर इंजिनाच्या आतलं जुनं कूलंट तिथेच राहतं. पूर्ण गार होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच.

व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, शौचालय साफ करायचं द्रव्य, यातलं काहीही ॲल्युमिनियमच्या इंजिनात घालू नका.

आता ते गणित. धुतल्यावर पाणी कधीच पूर्ण निघत नाही. समजा यंत्रणा १.२ लिटरची आणि ड्रेनमधून निघालं ९०० मिलि. म्हणजे ३०० मिलि साधं पाणी आतच आहे. त्यावर ९०० मिलि तयार ५०:५० मिश्रण भरलं, तर ग्लायकॉल ४५० मिलि, म्हणजे ३७.५ टक्के. बाटलीवर ५० आणि आत ३७! अशा वेळी ६०० मिलि कॉन्सन्ट्रेट भरा आणि उरलेली ३०० मिलि जागा डिस्टिल्ड पाण्याने. मापाचं भांडं यासाठीच हवं: निघालेलं मोजल्याशिवाय भरायचं काय ते कळत नाही.

> इशारा: ड्रेन बोल्ट छोटा असतो आणि बसतो ॲल्युमिनियममध्ये. लांब पान्याने ताकद लावली की आटे जातात. नवं वॉशर लावा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. सहा मिमीच्या बोल्टला तो साधारण १० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे मनगटाच्या जोराइतकाच.

टप्पा ७: भरा आणि हवा काढा

निवड अचूक, प्रमाण अचूक, आणि तरी गाडी तापते, तेव्हा बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. सेन्सरभोवती हवा असेल तर गेजही खोटं बोलतं: आधी खालीच राहतं, मग एकदम वर उडी मारतं.

१. रेडिएटरचं तोंड यंत्रणेत सगळ्यात उंच येईल अशी गाडी ठेवा. पुढचं चाक थोड्या चढावर घेतलं की बहुतेक गाड्यांत काम होतं.

२. थर्मोस्टॅटजवळ किंवा सिलिंडरवर हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करा.

३. नरसाळ्याने अगदी बारीक धारेने ओता. घाईत ओतलं की हवेला बाहेर यायला वाट राहत नाही. मध्ये मध्ये खालचा होज दाबून सोडा, बुडबुडे वर येतील.

४. स्क्रूमधून सलग कूलंट येऊ लागलं की तो आवळा. मग गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे कलती करा आणि पातळी पुन्हा भरा.

५. कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, तीन-चार वेळा हलकाच ॲक्सिलरेटर द्या. तोंडात बुडबुडे फुटत राहतील आणि पातळी खचेल; भरत राहा. बुडबुडे थांबले आणि पातळी स्थिर झाली की, पाणी तापून तोंडातून वर येण्याआधी, कॅप पूर्ण आवळा.

६. टाकी वरच्या रेघेपर्यंत भरा, त्यावर नाही. तापल्यावर फुगायला जागा हवी.

७. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. मग बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. घाई करणार असाल तर हे काम संध्याकाळी करा, म्हणजे रात्रभर हात लावता येणार नाही.

८. गार झाल्यावर कॅप उघडून पातळी बघा. थोडी खाली गेली असेल तर भरा. टाकीतलीही बघा, गार होताना ती थोडी उतरली असेल तर परत ओढण्याची वाट चालू आहे, ही चांगली खूण.

सांडलेलं लगेच पाण्याने धुवा. रंगावर डाग राहतो, आणि टायरवर गेलेलं ग्लायकॉल वळणावर दगा देतं.

> तपासा: पहिल्या फेरीनंतर ड्रेन बोल्ट, होजच्या क्लिपा आणि पंपाचं ते बारीक भोक कोरड्या फडक्याने पुसून बघा. फडक्यावर रंग उमटला तर आवळण्यात किंवा वॉशरमध्ये चूक आहे.

टप्पा ८: नंतरची निगा

पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा गार इंजिनात टाकी बघा. थोडी पातळी खाली जाऊन थांबली, तर ती उरलेली हवा निघून गेली. थांबतच नसेल तर टप्पा १ वर परत.

बदलण्याची मुदत किलोमीटरवर आणि वर्षांवर, दोन्हींवर असते. जे आधी येईल ते. गाडी उभी राहिली तरी गंजरोधक संपतच असतं. बाटलीवर पाच वर्षं लिहिलेलं असलं तरी मॅन्युअल दोन-तीन वर्षं म्हणत असेल तर मॅन्युअलचं ऐका. मध्येच शंका आली तर रिफ्रॅक्टोमीटरने ग्लायकॉलचं प्रमाण कळतं, गंजरोधक किती उरलंय ते नाही. त्यासाठी पीएचच्या पट्ट्या. पीएच ७ च्या खाली गेला असेल तर ते कूलंट आता इंजिनाला खातंय.

काढलेलं कूलंट मोरीत, गटारात किंवा जमिनीवर ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. लेबल लावलेल्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि वापरलेलं ऑइल-कूलंट घेणाऱ्या ठिकाणी द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर अजिबात भरू नका.

हवेवर आणि ऑइलवर थंड होणारी इंजिनं

इथे कूलंट म्हणजे इंजिन ऑइलच. त्यामुळे ऑइलची पातळी कमी असणं हे तापण्याचं पहिलं कारण. मग सिलिंडरच्या पात्यांमध्ये साचलेला चिखल. ऑइल कूलर असेल तर त्याच्या फिन्सही तशाच साफ करा.

ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं घ्या. बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, म्हणून डब्यावर जेएएसओ (जपानी ऑइल मानक) एमए किंवा एमए२ हवं. एमबी लिहिलेलं ऑइल जास्त निसरडं असतं, ते अशा क्लचसाठी नाही. ‘घर्षण कमी करून इंजिन थंड ठेवतं’ म्हणणाऱ्या ऑइल ॲडिटिव्हची अडचणही तीच. घर्षण कमी होतं ते क्लचच्या प्लेटांमध्येही, आणि क्लच घसरू लागला की गिअरमध्ये ॲक्सिलरेटर देऊनही आवाज वाढतो, वेग वाढत नाही. असं झालं तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. प्लेटांनी ते द्रव्य शोषलं असेल तर नुसत्या ऑइलने भागत नाही, प्लेटाही बदलाव्या लागतात.